बिनखुणेचे बोल्ट

बोल्टच्या डोक्यावरून बोट फिरवून तो कारखान्यातला की बाजारातला हे मी सांगते, आणि एकदा मी सांगितलं की अर्जेंटिनातल्या या अख्ख्या कोर्दोबा शहरात परत कोणी विचारत नाही. शाळा माझी तिसरीपर्यंत. पण सोळाव्या वर्षापासून मी बोल्टच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी उभी होते. आमचे बोल्ट थेट मोटारींच्या कारखान्यात जायचे. डोक्यावर तीन रेघा आणि एक ठिपका, उठावाचा. ज्यावर ही खूण नाही तो आमचा नाही. हे मी इतक्या वेळा म्हटलंय की माझा मुलगा दार्दो झोपेतही म्हणून दाखवेल.

दार्दोचं गॅरेज आहे. जुन्या कूपे, म्हणजे दोनदारी गाड्या कारखान्यातून निघाल्या तशा करून द्यायच्या, हे त्याचं काम. हौशी लोकांचा क्लब आहे, तो अस्सल गाडीला पितळी पट्टी देतो. पट्टी देण्याआधी तिथे एकच प्रश्न असतो, "दोन्या ओर्तेन्सियांनी पाहिली का?" दोन्या म्हणजे बाई, आणि ओर्तेन्सिया म्हणजे मी.

मागच्या मार्चमध्ये एक पिस्ता रंगाची कूपे आली. डोंगरापलीकडच्या एका बाईनं नवरा गेल्यापासून ती कोठारात ताडपत्रीखाली ठेवलेली. उंदरांनी गाद्या खाल्लेल्या, पण रंग कारखान्याचाच. दार्दोनं दार उघडून धरलं, मी स्टुलावर बसले आणि बिजागरीचे बोल्ट पाहिले.

सगळे कोरे. एकाच्याही डोक्यावर काही नाही.

"बदललेत," मी म्हटलं. "कुठल्यातरी खेड्यातल्या लोहारानं."

"कधी बदलले, म्हातारे? रंग बघ की जरा."

"मला रंग शिकवतोस?"

"शिकवत नाही गं. बघ म्हणतोय."

बघितलं. मोटारींच्या कारखान्यात बिजागरी आधी बसवायचे आणि मग सगळ्या सांगाड्याला रंग मारायचे, म्हणून रंग बोल्टच्या डोक्यावरूनही गेलेला असतो. खूण असली तर ती रंगाखालूनही दिसते. आणि नंतर कधी कोणी पाना लावला, कितीही हलक्या हातानं लावला, तरी डोक्याचे कोपरे उघडे पडतात आणि डोकं खाली पत्र्याला टेकतं तिथे रंगाला बारीक तडा जातो. इथे तडा नव्हता. बोल्ट आणि पत्रा यांच्यावर एकच कातडं असावं तसा रंग.

मी उठून दुसऱ्या दाराशी गेले. तिथेही तेच. त्या बोल्टांना कारखान्यानंतर माणसाचा हात लागलेला नव्हता.

दार्दोनं पत्र्यावरचा नंबर वाचला. "एकोणसत्तर, जून. तू तेव्हा टेबलावर होतीस ना?"

"तुला पाजत होते, गाढवा. आणखी कुठे असणार?"

तो मेच्या बावीस तारखेचा. त्याच्या जन्मानंतर आठवड्याभरात शहरात संप पेटला. मी चाळीस दिवस घरात होते.

मी देल्मिराला फोन लावला. ती माझ्या शेजारच्या टेबलावर असायची. आता लेकीकडे राहते, ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून विचारावं लागलं.

"अगं, खूण उठवायचा ठसा फुटला होता ना!" दूध नासल्याचं सांगावं तसं तिनं सांगितलं. "ठसे बनवणारे सगळे संपावर. साहेब म्हणाला, मोटारवाले खोळंबलेत, कोरेच जाऊ द्या. दोन-अडीच आठवडे कोरेच गेले. तुला आल्यावर कोणी सांगितलं नाही?"

"नाही."

"सांगणार कोण? तू कोणाचं ऐकून घ्यायचीस का?"

मी फोन ठेवला. दार्दो हात पुसत उभा होता. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"आई, ऐक. त्या बाईला बोल्टमधलं काय कळतंय? आपल्याकडे खुणेचे डबाभर आहेत. मी ते लावतो, रंगाचा हात मारतो. विषय संपला."

"आणि लुदुएन्या?"

दार्दो परत हात पुसायला लागला.

बेलिसारियो लुदुएन्यांची पावाची भट्टी होती. दहा वर्षांपूर्वी ते आपली निळी कूपे क्लबात घेऊन आले. तरुणपणी, एकोणसत्तर सालीच, स्वतः नवी घेतलेली. छातीवर हात ठेवून सांगत होते की दारांना कधी कोणी पाना लावलेला नाही. मी डोकी पाहिली, कोरी. रंगाकडे पाहिलंच नाही, गरजच वाटली नाही. उठले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "सेन्योर लुदुएन्या, गाडी खरी असेल तुमची, पण शपथ खोटी आहे." लोक पोट धरून हसले. मलाही माझं बोलणं आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. पुढच्या आठवड्यात ते आमच्याकडूनच खुणेचे बोल्ट घेऊन गेले आणि परत क्लबात दिसले नाहीत.

"म्हातारा पंच्याऐंशीचा झालाय," दार्दो म्हणाला. "विसरलाही असेल. आणि तू तोंड उघडलंस तर माझं काय? लोक माझ्या हातासाठी येत नाहीत, तुझ्या डोळ्यासाठी येतात."

ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. तीन दिवस मी गॅरेजकडे फिरकले नाही. भांडी घासली, घासलेली परत घासली. सुनेनं विचारलं तर तिच्यावर खेकसले. कोणी काही पाहिलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर माझं नाव जसंच्या तसं राहणार होतं. चौथ्या दिवशी मी बस पकडली.

लुदुएन्या अंगणात माते, आमच्याकडचा कडू काढा, पीत बसले होते. मला पाहून उठले नाहीत.

"काय तपासायला आलात, दोन्या? मी अजून मूळचाच आहे. फक्त दात बदललेत."

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. संप, ठसा, माझं बाळंतपण, पिस्ता रंगाची गाडी. ते मातेचं भोपळ्याचं भांडं हातात फिरवत राहिले.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय ठाऊक होतं?"

"ते बोल्ट सोडवताना रंग तडतड फुटला. पाना हलेना. चाळीस वर्षं मी कणीक मळलीय, हाताला कळतं. हात सांगत होता की हे पहिल्यांदाच सुटतायत. पण तुम्ही म्हणाला होतात ना! म्हटलं, आपलाच हात चुकतोय."

"ते जुने कुठे आहेत?"

"भंगारात दिले. घरात ठेवायची लाज वाटली."

मग मी माफी मागितली. आयुष्यात किती वेळा मागितली असेन, एका हाताची बोटं पुरतील.

"इथे अंगणात?" ते म्हणाले. "इथे कोंबड्यांशिवाय कोण आहे? तेव्हा आवाज चांगला मोठा होता तुमचा."

रविवारी क्लबात निखाऱ्यांवर बरगड्या लागल्या होत्या, कडू फर्नेत दारूचे पेले फिरत होते. लुदुएन्या नातवाचा हात धरून आले आणि कडेला बसले. दार्दो शेगडीपाशी माझ्याकडे पाठ करून उभा. मी उठले. मोठ्यानं बोलले, काही गाळलं नाही. खोट्या शपथेचं ते वाक्यसुद्धा परत म्हटलं आणि ते खोटं मीच बोलले होते असं सांगितलं. एक-दोघे हसले, त्यांना वाटलं मी कोणाची तरी खेचतेय. मग तेही थांबले.

लुदुएन्यांनी एकदा मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, मला समजलं नाही.

मग मागून सिक्स्तो बोलला, दातांचा डॉक्टर. "दोन्या, माझी पांढरी आठवते? तुम्हीच परत पाठवलेली. तीही जूनचीच होती."

"आण उद्या. मी बघते."

"कुठून आणू? अस्सल नाही म्हटल्यावर कोणी घेईना. सुटे भाग करून विकली."

शेगडीवरची चरबी चरचरत होती. दार्दो आता वळला होता. दुसऱ्या टेबलावरून आणखी एकानं हात वर केला, त्याच्या मागे बसलेल्यानं टोपी काढली आणि माझ्याकडे पाहिलं. खाली बसावंसं वाटलं. बसले नाही.

"बोला," मी म्हटलं. "एकेक करून बोला. मी ऐकतेय."