पावत्यांच्या पाठीवरचा अबोला

घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, आणि जुन्या पावत्यांची एक पत्र्याची पेटी सुनेच्या वाट्याला आली. सगळं रद्दीत घाल, असं नवरा कामावर जाताना सांगून गेला होता. पण बघितल्याशिवाय टाकेल ती सून कसली! जमिनीवर बसकण मारून ती एकेक कागद उलगडू लागली. चष्म्याची पावती, इस्त्रीची, पंखा दुरुस्तीची. सासरे जन्मभर घरोघरी विजेचे मीटर वाचत हिंडलेले. कागद फेकणं त्यांच्या जिवावर यायचं.

एका बिलाच्या पाठीवर मात्र दोन हस्ताक्षरं दिसली. वरचं टपोरं: "गॅस संपत आलाय." खाली तिरपं: "नंबर लावला आहे." दुसऱ्यावर, "भाजीत मीठ जास्त झालंय. जेवायचं तर जेवा." खाली, "जेवलो."

सून गठ्ठा घेऊन स्वयंपाकघरात गेली. सासूबाईंनी कणकेचे हात धुतले, एक कागद वाचला आणि त्यांना हसू आवरेना.

मग त्यांनी सांगितलं. थोरली तीन वर्षांची झाली होती. तिचा पाळणा अडगळीत पडलेला, तो यांनी एका शब्दाने न विचारता कचेरीतल्या शिपायाला देऊन टाकला. सासूबाईंचं डोकं फिरलं. अबोला धरला तो सुटता सुटेना, कारण माघार घेईल तर कोण? पण अबोला धरला म्हणून संसार थोडाच थांबतो! हाताशी येईल त्या पावतीवर बोलणं सुरू झालं.

"एवढं एका पाळण्यावरून, आई?"

सासूबाईंनी गठ्ठा चाळून एक कागद पुढे केला. "पाळणा परत आणा. लागणार आहे." त्याखाली उत्तर नव्हतं.

ती चिठ्ठी त्यांनी जेवणाच्या डब्यात ठेवली होती. सासरे ती वाचताच तसेच शिपायाच्या घरी गेले, आणि संध्याकाळी हात हलवत परत आले. दारातच उभं राहून म्हणाले, "नाही आणला. त्यांचं बाळ झोपलं होतं त्यात. कसं उठवू?"

सासूबाई आधी हसल्या, मग रडल्या. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी सुतार गाठला आणि हौसेने एवढा ऐसपैस पाळणा करून घेतला, की तो घरात घ्यायला दाराची फळी उतरवावी लागली.

"त्यात तुझा नवरा आडवा-तिडवा लोळायचा," सासूबाई म्हणाल्या.

चहाचं विचारायला सासरे आत आले. कागद बघून क्षणभर घुटमळले आणि सुनेकडे वळले.

"आधी मी बोललो, हे सांगितलं का हिने?"

"सांगितलं हो," म्हणत सासूबाईंनी त्यांच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.