जांभळ्या शर्टातला पाहुणा

टीव्हीवाल्यांचा फोन आला तेव्हा मी एका दवाखान्याच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात वाकून उभा होतो. हाताला ग्रीस, तोंडात टॉर्च. लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम मी सव्वीस वर्षं करतोय आणि या धंद्यात लोक आपल्याला फोन करतात ते फक्त शिव्या द्यायला. त्यामुळे पलीकडून एक मुलगी गोड आवाजात "सर" म्हणाली, तेव्हा मी "राँग नंबर" म्हणून फोन ठेवून दिला.

तिने परत केला.

"सर, तुम्हीच ना ते लिफ्टवाले? अडकलेल्या शिक्षिकाबाईंशी पस्तीस मिनिटं बोलत बसलेले? बाईंनी आमच्या चॅनलला पत्र लिहिलंय. इतकं सुंदर पत्र! पुढच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही आमच्या 'गल्लीतला हिरा'मध्ये पाहुणे म्हणून यायचं. लाइव्ह असतं हं."

मी "बघतो, कळवतो" म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "किती वाजता पोचू?"

आता त्या पस्तीस मिनिटांत खरं काय झालं होतं ते सांगतो, कारण तोवर मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

महिन्याभरापूर्वी एका जुन्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत एकट्या बाई होत्या, सत्तरीच्या पुढच्या, निवृत्त गणित-शिक्षिका. अशा वेळी काम सोपं असतं. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जायचं, मेन स्विच बंद करायचा, ब्रेक सोडून चाक हाताने फिरवायचं आणि लिफ्ट मजल्याला आणून लावायची. दहा मिनिटं पुरतात. मी धापा टाकत गच्चीवर गेलो. मशीनरूमला कुलूप. खिशात हात घातला, तर किल्ल्यांचा जुडगा नाही. पिशवी उलटी केली, नाही. खाली उतरून स्कूटरची डिकी पाहिली, नाही. दुसरी किल्ली वॉचमनकडे असते, आणि वॉचमन आपल्या मेव्हणीच्या लग्नाला गेलेला. वर-खाली, वर-खाली असे माझे चार फेरे झाले. दर फेरीला मी लिफ्टच्या दाराशी थांबून ओरडायचो, "बाई, घाबरू नका हं!" आणि हे ओरडताना माझाच आवाज चिरकायचा.

पाचव्या फेरीला आतून आवाज आला, "तू आधी खाली बस. आणि एकोणीसचा पाढा म्हण."

मी बसलो. म्हणायला लागलो. एकोणीस पंचे पंचाण्णव झालं, एकोणीस सख्खं चौदोत्तरशे झालं, जरा छातीतली धडधड कमी झाली, म्हणून मागच्या पायरीला टेकलो आणि ओरडलोच. पाठीत काहीतरी टोचलं. आदल्याच आठवड्यात मी पट्ट्याला मागच्या बाजूने एक हूक लावून घेतला होता, किल्ल्या हरवू नयेत म्हणून. जुडगा तिथेच होता, शर्टाखाली, पहिल्यापासून. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा काखेतही नव्हता, कमरेला होता.

बाई सुखरूप बाहेर आल्या. मी त्यांना म्हणालो, "मशीन जाम झालं होतं." त्या म्हणाल्या, "होतं असं," आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून जिना चढून घरी गेल्या.

या प्रकरणाचं पत्र झालं होतं आणि त्या पत्राचा मी हिरा.

घरी सांगितलं तर बायकोने पहिला प्रश्न विचारला, "घालणार काय?" चॅनलच्या मुलीने बजावलं होतं की पांढरा नको, रेघांचा नको, चौकड्यांचाही नको, कॅमेऱ्यात नाचतात. बायकोने कपाट उघडलं. माझ्याकडे तीन प्रकारचे शर्ट आहेत: पांढरे, रेघांचे आणि चौकड्यांचे. शिवाय कंपनीचा करड्या रंगाचा गणवेश, पण त्यावर ग्रीसचे असे डाग आहेत की तो कॅमेऱ्यात नाचला नसता तरी बोलला असता.

तेवढ्यात माझा मेव्हणा आला. त्याचं चपलांचं दुकान आहे, पण आमच्या घरात टीव्हीचा जाणकार तोच. दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या बातमीत वार्ताहराच्या मागे तो अकरा सेकंद दिसला होता. ती क्लिप अजून त्याच्या फोनमध्ये आहे.

"भाऊजी, शर्ट माझा घ्या," तो म्हणाला. "जांभळा. कॅमेऱ्याला जांभळा फार आवडतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"अहो, त्या दिवशी मी तोच घातला होता. एवढ्या गर्दीत कॅमेरा माझ्यावरच थांबला की नाही?"

शर्ट मला पोटावर इतका घट्ट होत होता, की उभा असताना मी माणूस दिसायचो आणि बसलो की बटणं मोजून घ्यावी लागायची. बायको म्हणाली, "बसल्यावर श्वास घेऊ नका." मुलाखत बसूनच होती.

मग भाषण. मेव्हण्याने ते लिहून आणलं. सुरुवात अशी: "लिफ्ट हे केवळ एक यंत्र नाही. त्या यंत्रात एक धडधडणारं हृदय असतं." पुढे संयम, कर्तव्य, माणुसकी असं सगळं ओळीने. मला वाक्य आवडलं. नुसतं आवडलं नाही, दोन दिवसांत ते माझंच वाटायला लागलं. मी कपाटाच्या आरशासमोर उभा राहून ते म्हणायचो आणि धडधडणाऱ्या हृदयापाशी आलो की उजवा हात छातीवर ठेवायचो. डाव्या हाताचं काय करायचं ते मात्र कुणालाच सुचेना. बायको म्हणाली, खिशात ठेवा. मेव्हणा म्हणाला, खिशात हात म्हणजे उद्धटपणा. शेवटी डावा हात मी पाठीमागे घेतला, तर बायको म्हणाली, "आता बँडवाल्यासारखे दिसता."

चौथ्या दिवसापर्यंत माझी गोष्टही वाढली होती. ऑफिसात सांगताना पस्तीस मिनिटांची पन्नास झाली. जिन्यात दिवे नव्हते, हे मी कधी घातलं ते मलाही आठवत नाही. साहेबांनी मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. "कंपनीचं नाव तीनदा यायला पाहिजे," ते म्हणाले. "सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. एकदा घेतलं तर लोक विसरतात."

मी वहीत लिहून घेतलं: नाव, तीनदा.

आणि खरं सांगायचं तर या सगळ्यात त्या किल्ल्या मला अधूनमधून टोचायच्या. पण हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खाली उतरायला कुणी शिडी देत नाही आणि तोही मागत नाही. मी मनाला समजावलं: बाईंना कुठे माहीत आहे? मशीन जाम झालं होतं. होतं असं.

गुरुवारी दहा वाजता मी स्टुडिओत पोचलो. स्टुडिओ म्हणजे एका फर्निचरच्या दुकानावरचे दोन मोठे हॉल. एकात सोफा, खोटी खिडकी आणि खोट्या खिडकीबाहेर खोटं झाड. दुसऱ्यात आरसे. तिथे एका बाईने माझ्या टकलावर पावडर थापायला घेतली. तिने मागे सरून पाहिलं, परत थापली, परत पाहिलं आणि आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, "लाइट थोडा कमी करा रे, इकडे आटोक्यात येत नाहीये."

शेजारच्या खुर्चीतून हसण्याचा आवाज आला. वळून बघतो तर बाई.

"आलास? मलाही बोलावलंय," त्या म्हणाल्या. "सरप्राइज म्हणे. मी म्हटलं, मला आधी सांगा, या वयात सरप्राइज झेपत नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, तुम्ही पत्रात फारच—"

"अरे, जेवढं होतं तेवढंच लिहिलं." असं म्हणून त्यांनी आरशात पाहत केस नीट केले आणि माझी नजर टाळली. त्यांनी ती का टाळली, हे विचारण्याइतका मी शुद्धीवर नव्हतो.

अकरा वाजता आम्ही सोफ्यावर. मध्ये निवेदिका, हातात कार्डं. समोर तीन दिवे, दिव्यांच्या मागे कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे चार माणसं, पण मला फक्त काळोख दिसत होता. मी श्वास रोखून बसलो होतो, शर्टासाठी.

"तर सांगा," निवेदिका म्हणाली, "त्या क्षणी तुमच्या मनात काय चाललं होतं?"

हात छातीवर गेला. "लिफ्ट हे केवळ एक यंत्र नाही," मी म्हणालो. "त्या यंत्रात..."

त्या यंत्रात काय असतं, ते गेलं. साफ गेलं. आठ दिवस आरशासमोर घोकलेलं असं पुसलं गेलं की जणू कधी लिहिलंच नव्हतं. मी पुन्हा म्हणालो, "त्या यंत्रात..." निवेदिका हसून मान हलवत होती. दिवे तापले होते. टकलावरची पावडर ओघळून भुवईपर्यंत आली होती.

"पुढे?" शेजारून बाई म्हणाल्या. अगदी फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोराला विचारावं तसं.

"पुढे येत नाही, बाई."

"मग जे येतं ते सांग."

आणि मला एकच गोष्ट येत होती, जी पाठ करावी लागली नव्हती. ती मी सांगितली. कुलूप, चार फेरे, स्कूटरची डिकी, वॉचमनच्या मेव्हणीचं लग्न, पाढा, आणि पाठीत टोचलेला जुडगा. लोक नंतर म्हणाले, काय प्रामाणिक माणूस! त्या प्रामाणिकपणाचं श्रेय मला देऊ नका. पाठांतर कमी पडलं, एवढंच. भाषण आठवलं असतं तर मी आजही हिरा असतो.

निवेदिकेने हातातलं कार्ड पालथं केलं, तिथेही काही नव्हतं. बाई माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे मशीन जाम नव्हतं?"

"नाही, बाई."

"पस्तीस मिनिटं मी त्या डब्यात एका पायावरून दुसऱ्या पायावर करत उभी, आणि किल्ली तुझ्या कमरेला?"

"हो."

"आणि तू ओरडलास तो..."

"टोचली, बाई."

त्यांचा चेहरा आधी कडक झाला. मला वाटलं, आता कॅमेऱ्यासमोर कान पिळतात. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पदराने डोळे पुसावे लागले. आणि मग म्हणाल्या, "आता माझंही ऐका. पत्रात मी लिहिलं की याने मला धीर दिला. धीर कसला? याचीच पाचावर धारण बसली होती, पाढा मी म्हणायला लावला. पण मीच याला धीर दिला असं लिहिणं बरं दिसेना. स्वतःची आरती स्वतः कशी ओवाळायची? म्हणून याला ओवाळली."

कॅमेऱ्यामागच्या काळोखात कुणीतरी फसकन हसलं. मीही हसलो. त्या नादात मी श्वास घेतला आणि मेव्हण्याच्या शर्टाचं तिसरं बटण तुटून निवेदिकेच्या कार्डावर जाऊन पडलं.

खाली उतरतो तोच साहेबांचा फोन. "नाव तीनदा घेतलंस," ते थंड आवाजात म्हणाले.

"हो साहेब."

"तिन्ही वेळा किल्ली हरवल्याच्या गोष्टीत घेतलंस."

घरी गेलो तर बायको दारातच उभी. मागे मेव्हणा, कुणीतरी वारल्यासारखा चेहरा करून. मी मान खाली घातली. बायको म्हणाली, "सव्वीस वर्षं मी सगळ्यांना सांगतेय की या माणसाला समोरची वस्तू दिसत नाही. कुणी विश्वास ठेवत नव्हतं. आज सगळ्या गावाने ऐकलं." तिला इतकं समाधानी मी फार कमी वेळा पाहिलंय. तिने मला वाढलंही नेहमीपेक्षा जास्त. मेव्हणा मात्र बटणाबद्दल दोनदा बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात मी एकटाच होतो, फोन मीच उचलला. एका कचेरीच्या इमारतीचे व्यवस्थापक होते. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर बंद पडली होती, आत कुणी नव्हतं.

"कुणीतरी लगेच पाठवा," ते म्हणाले. "फक्त ते कालचे टीव्हीवाले नकोत."

"ते आज रजेवर आहेत," मी म्हणालो, पिशवी उचलली आणि निघालो.

चौकड्यांचा शर्ट, डोक्यावर टोपी, पावडर नाही. त्यांनी मला ओळखलं नाही. दाराची पट्टी घासली गेली होती, वीस मिनिटांत काम झालं. मी हात पुसत असताना ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "एक विचारू? ते कालचे खरंच तुमच्याकडे कामाला आहेत?"

"आहेत ना."

"कसे आहेत हो?"

मी जरा विचार केला. "कामाला बरे आहेत," मी म्हणालो. "बोलतात जरा जास्त."