तंबू मी गुंडाळला होता

"डावीकडे घे. तुझ्या नाही रे, माझ्या डावीकडे."

"तू माझ्याकडे तोंड करून उभा आहेस, योप. तुझी डावी ती माझी उजवी."

"मग उजवीकडे घे. पण डावीकडे घेतल्यासारखी घे."

रूलफीनच्या गोठ्यामागचं निम्मं कुरण त्या दुपारी घडीच्या खुर्च्या सोडून उभं राहिलं होतं आणि प्रत्येकाचा एक हात हवेत होता. हिल्बर्ट घामाघूम होऊन गाडी मागे घेत होता. गाडीला जोडलेली अंड्याच्या आकाराची बुटकी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, त्याच्या मनात असेल त्याच्या बरोब्बर उलट वळत होती. सूचना न देणारी एकटी त्याची बायको फेम्मी होती. ती कुंपणाला टेकून उभी होती, कारण तिच्या पाठीसाठी हा सगळा खटाटोप चालला आहे असं सगळ्यांना सांगून झालं होतं आणि दुखऱ्या पाठीच्या बाईने कुंपणाला टेकणं शोभून दिसतं.

"आयुष्यभर होड्यांसाठी कालव्यावरचा अख्खा पूल उचललास," योप म्हणाला, "आणि हा डबा वळवता येईना?"

"पूल वर जातो आणि खाली येतो," हिल्बर्ट खिडकीतून म्हणाला. "वळत नाही. म्हणून तर ती नोकरी धरली होती."

हे कुरण सुट्टीला येणाऱ्या तंबूवाल्यांचं; रूलफीन ते दर उन्हाळ्यात भाड्याने द्यायची. कॅरॅव्हॅनवाले पलीकडे, रस्त्याच्या बाजूला, विजेच्या खांबांपाशी राहायचे. तंबूवाले त्यांच्याविषयी बोलायचे ते शेजारच्या गावाविषयी बोलावं तसं, म्हणजे वाईट नाही, पण बरंही नाही. 'पडदे लावून बसतात,' दिनी म्हणायची. दिनी म्हणजे योपची बायको. हिल्बर्टही तेच म्हणायचा, आणि जरा मोठ्यानेच. त्यामुळे वसंतात फेम्मीने रूलफीनला फोन करून आमची जागा आता पलीकडेच धर असं सांगितलं, तेव्हा रूलफीनने आधी एवढंच विचारलं, "कॅरॅव्हॅन केवढी आहे?"

"दोन माणसं आणि एक किटली."

"मग कुंपणाच्या कडेला लावा, आपल्या कुरणातच. चष्मा काढून स्वयंपाकघरातून बघितलं की मला तंबूच दिसेल."

त्या कुरणात फेम्मी पहिल्यांदा आली तेव्हा नवी नवरी होती. दोन्ही मुलगे इथेच चालायला शिकले, तंबूच्या दोरांना अडखळत. तंबू जाड सुती कापडाचा, मूळचा पिवळसर, मग उन्हाने चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगावर आलेला. आत शिरलं की गवत, मेण आणि कालची कॉफी यांचा मिळून एक वास यायचा. मेप्पल गावातल्या घरी हिवाळ्यात कधीतरी तो वास कुठूनसा यायचा आणि ती भांडं विसळता विसळता थांबायची. घर इथून गाडीने तासाभराच्याही आत. आल्प्स बघून आलेले शेजारी हसायचे. हिल्बर्ट म्हणायचा, "लांब गेलं की घरचे बटाटे नेता येत नाहीत."

तंबूचं सगळं हिल्बर्टच्या हातात. खांब, खुंट्या, दोरांचा ताण. पण त्याचा खरा अभिमान कापडाचा. ओलं कापड बांधून ठेवायचं नाही, एवढा एकच धर्म तो पाळायचा. पावसात निघावं लागलं तर त्याच संध्याकाळी, जेवणाच्याही आधी, तंबू माळ्यावर वाशांवर पसरला जायचा, आणि दोन दिवस घरात कुणी माळ्यावर काही आणायला गेलं की सूर्य आत अडकल्यासारखा पिवळा उजेड दिसायचा. कुणाच्या तंबूला बुरशी लागली असं कानावर आलं की हिल्बर्ट मान हलवायचा. "आळस," म्हणायचा. "कापड काही मागत नाही माणसाकडे. एवढंच मागतं."

गेल्या सप्टेंबरात ते निघाले तेव्हा भुरभुर चालली होती. घरी आल्यावर हिल्बर्ट पिशवी घेऊन माळ्यावर गेला, खाली आला आणि म्हणाला, "वाळत घातलाय." काही दिवसांनी म्हणाला, "बांधून ठेवला." तिने का बघावं? इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये, तो बिलियर्ड खेळायला गेलेला असताना, तिने तंबूला हवा द्यावी म्हणून पिशवी उघडली. गाठ सप्टेंबरचीच होती. आत तंबू जसा कुरणात गुंडाळला तसाच, तळघरासारखा कोंदट, काळ्या डागांनी भरलेला. कडेला बोट लावलं तर बोट आरपार गेलं.

ती माळ्यावर खाली बसली. तंबूचं दुःख होतंच, पण त्या वर्षातल्या इतरही गोष्टी आता एका ओळीत येऊन उभ्या राहिल्या. हिल्बर्टकडून सुरू राहिलेला गॅस. मुलाच्या घराकडे जाताना चुकलेलं वळण. एकच गोष्ट जेवताना दोनदा सांगणं, आणि दुसऱ्या वेळी तिने पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसणं. तो खोटं बोलला नव्हता. त्याने वाळत घातला होता, फक्त मनातल्या मनात.

सायकलच्या मागच्या गाडीत घालून तिने तंबू नगरपालिकेच्या कचरा आवारात नेला. तिथल्या माणसाने विचारलं, "जुन्या कापडांत टाकायचा की उरलेल्या कचऱ्यात?" ती म्हणाली, "उरलेल्यात." येताना दुकानातल्या फळ्यावर एका म्हाताऱ्या बाईची चिठ्ठी दिसली, छोटी कॅरॅव्हॅन विकणे आहे. त्या रात्री जेवताना फेम्मीने कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "हिल्बर्ट, जमिनीवर नाही रे झोपवत आता."

आठवडाभर तो फुगून बसला. मग ज्याला त्याला सांगू लागला, "फेम्मीची पाठ." जरा मोठेपणाने सांगायचा. ते तिला चाललं. दुखरे गुडघे त्याचे होते, विसरणं त्याचं होतं, पण लोकांत पाठ तिची होती.

कॅरॅव्हॅनमध्ये पहिल्याच रात्री पाऊस आला. तंबूवर तो बोटांनी टकटक करायचा, पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखा वाजत होता. फेम्मी कोरड्या गादीवर पाय लांब करून पडली होती आणि आपल्याला किती बरं वाटतंय याची तिला लाज वाटत होती.

"योपचा खोकला ऐकू येत नाही," हिल्बर्ट म्हणाला.

"बरंच आहे की."

"मेलाबिला तर कळणार नाही." तो उठला, खिडकीची खिट्टी काढली, फट केली. थोडं पाणी आत आलं आणि त्याबरोबर योपचा खोकलाही. मग तो झोपला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चौघं कॅरॅव्हॅनपुढच्या छोट्या कापडी छताखाली बसले होते. सुती कापडाचं ते छत हिल्बर्टने हट्टाने लावून घेतलं होतं, दोर नि खुंट्यांसकट. दिनीने चिजचे तुकडे कापले. योपने येनेफरची दारू ओतली.

"आमची लीन्डे येते उद्या," दिनी म्हणाली. "नातवंडांना तंबूत झोपायचंय म्हणे. नवीन सुती तंबूची किंमत बघून जावई मटकन खाली बसला."

"नवा कशाला?" हिल्बर्ट म्हणाला. "आमचा आहे ना. माळ्यावर. खडखडीत कोरडा."

फेम्मीच्या हातातला चिजचा तुकडा हातातच राहिला.

"विकत देशील?" योपने विचारलं.

"विकत कसला. जाताना मेप्पलवरूनच जाईल ना ती? किल्ली देतो, घेऊन जाऊ दे." तो फेम्मीकडे वळला. त्याचा चेहरा असा उजळला होता की या अख्ख्या मोसमात तिने तो तसा बघितला नव्हता. "पोरं झोपतील त्यात. पुन्हा. काय?"

"बघू," ती म्हणाली.

"त्यात बघायचं काय?"

दुसऱ्या दिवशी दहाच्या कॉफीला लीन्डे आली आणि गाडीतून उतरताच तिची पोरं गोठ्याकडे पळाली. लीन्डे उंच, हसरी बाई, याच कुरणात एकदा तिचे दुधाचे दात पडले होते. दिनीने प्रत्येकाला कॉफीबरोबर एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. हिल्बर्टने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली होती. लीन्डे म्हणत होती, "हिल्बर्टकाका, तुमच्याच तंबूत मी पत्ते शिकले, आठवतंय?" आणि तो म्हणत होता, "आणि लबाडीही."

लीन्डेने किल्लीला हात घातला.

"तंबू नाहीये," फेम्मी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"बुरशी लागली. कचऱ्यात टाकला मी."

हिल्बर्ट बघत राहिला. "बुरशी कशी लागेल? मी..." तो थांबला. त्याच्या कपाळावर एक आठी आली, काहीतरी शोधायला निघाल्यासारखी, आणि ती आठी कुठे पोचायच्या आत फेम्मी म्हणाली, "तंबू मी गुंडाळला होता. तू रूलफीनकडे हिशोब करायला गेला होतास. मला वाटलं, भिजायच्या आत बांधून टाकावा. घरी म्हटलं, बांधलेला आहेच, राहू दे. ओला होता."

"तू?" दिनी म्हणाली. "वृद्धाश्रमाच्या धुणीघरात जन्म घालवलास तू. तुला ओलं कळलं नाही?"

"नाही कळलं."

"अगं, तू माझे टॉवेल दोरीवरून परत पाठवायचीस."

"माझी चूक झाली, दिनी," फेम्मी म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. आयुष्यात एका गोष्टीत तिला कुणी बोल लावला नव्हता आणि ती गोष्ट तिने आत्ता टेबलावर बिस्किटाच्या डब्याशेजारी ठेवून दिली होती.

हिल्बर्ट उठला. "मुलं वाढली त्यात," तो म्हणाला. आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "एक संध्याकाळ. एक संध्याकाळ वर पसरायचा होता. आणि मला सांगायचं नाही? पाठ म्हणे." त्याने सायकल घेतली आणि कालव्याकडे निघून गेला.

योप कपात बघत म्हणाला, "येईल तो. पूलवाला आहे, कालव्याकाठी बसला की निवतो."

जेवायच्या वेळी तो आला. बटाटे तिने सोलून ठेवले होते. त्याने शेंगा निवडायला घेतल्या. पूर्वी पुलापाशी होडी आली की तो गळाच्या दोरीला लाकडी बूट बांधून खाली सोडायचा, होडीवाले त्यात पैसे टाकायचे. एखाद्याने नाही टाकले तरी तो पूल उचलायचाच. तसल्याच चेहऱ्याने तो आता शेंगा निवडत होता.

"होतं," शेवटी म्हणाला. "माणूस आहे. एकदा होतं."

त्यानंतरचे सगळे दिवस त्याने तिला माफ केलं. मन लावून केलं, पाण्याच्या नळापाशी, भांड्यांच्या रांगेत, पलीकडच्या कॅरॅव्हॅनवाल्यांपाशीसुद्धा. "बायकोने तंबू ओला बांधला," तो सांगायचा, "पण मी म्हटलं, इतक्या वर्षांत एकदाच ना? जाऊ दे." लोक तिच्याकडे कौतुकाने बघायचे की असा नवरा मिळाला. भांडी पुसताना कुणीतरी विचारायचं, "फेम्मी, ही बशी कोरडी आहे का गं, तुझ्या मते?" ती हसायची. त्याची पाठ पुन्हा सरळ झाली होती. पलीकडच्या एका नवख्या जोडप्याला तर तो खुंटी कोणत्या कोनात ठोकायची ते शिकवून आला.

निघायच्या दिवशी पहाटे सर येऊन गेली, मग ऊन पडलं. फेम्मी आत कप गुंडाळत होती. खिडकीतून तिला हिल्बर्ट कापडी छत सोडताना दिसला. खुंट्या काढून पुसल्या, दोर वेटोळे केले, कापड गवतावर दुमडलं आणि गुंडाळायला घेतलं. तिने कप खाली ठेवला. बोलावं का, आणि काय बोलावं, हे तिला कळेना.

तो मध्येच थांबला. गुंडाळी हातात धरून तसाच गुडघ्यावर बसून राहिला.

"फेम्मी," त्याने हाक मारली. "जरा ये."

ती बाहेर आली. त्याने कापडाचं टोक तिच्यापुढे धरलं. "बघ."

तिने ते हाताने चाचपलं नाही. धुणीघरात शिकली होती तसं गालाला लावलं. हात फसतो, गाल फसत नाही. कापड गार होतं.

"ओलं आहे," ती म्हणाली.

"मला कोरडं वाटलं."

गोठ्याकडे कुणीतरी बादली आपटली. हिल्बर्ट कापडाकडे बघत होता.

"त्या दिवशीही कोरडंच वाटलं असेल," तो म्हणाला. मग गुंडाळीवरून हात फिरवला. "तुला."

"हो," ती म्हणाली. "मला कोरडंच वाटलं."

त्याने मान हलवली. गुंडाळी उलगडली. दोघांनी दोन टोकं धरून कापड झटकलं, कॅरॅव्हॅनच्या टपावरून उन्हाच्या बाजूला सोडलं, आणि गाडीत चढवलेल्या खुर्च्या पुन्हा खाली काढल्या.

योप आंघोळीला चालला होता, खांद्यावर टॉवेल टाकून. "अजून गेला नाहीत?"

"कापड वाळतंय," हिल्बर्ट म्हणाला.

"किती वेळ लागेल?"

"ते हिला विचार."

फेम्मीने वर आभाळाकडे बघितलं, हवेचा अंदाज घेतला. "लागेल अजून," ती म्हणाली, आणि खुर्ची त्याच्या खुर्चीशेजारी सरकवून, पाय गवतात पसरून बसली.