दडून बसलेलं लोणी

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धी गल्ली दारात, उरलेली खिडकीत, आणि शेगडीपाशी डोळे मिटून महाराज.

"लोणी आत दडून बसलंय! कुणाच्या तरी नजरेला भ्यालंय!"

महिनाभर साय घुसळून सासूबाईंचे दंड भरून येत होते, पण भांड्यात नुसता फेस. सूनही महिन्यापूर्वीच आलेली, त्यामुळे कारण शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही.

महाराजांनी फ्रिजमधलं विरजलेल्या सायीचं भांडं पेटत्या शेगडीशेजारी ठेवायला लावलं, "अग्नीच्या साक्षीनं," आणि मंत्र इतका लांबवला की खिडकीतल्या दोघी पेंगल्या. मग सासूबाईंनी रवी फिरवली आणि हां हां म्हणता लोण्याचा गोळा वर आला! गल्लीनं हात जोडले. "बाधलेलं लोणी घरात नको," म्हणत महाराजांनी तो आपल्या डब्यात भरला. डबा ते घरूनच घेऊन आले होते.

"आता सुनेला माहेरी धाडा. कायमची."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. पोरगी गुणाची होती. पण महाराजांना नाही कोण म्हणणार? मुलगा तर खाली मान घालून उभा.

"बॅग भर बाई," त्या कशाबशा म्हणाल्या.

सून बॅग घेऊन आली. डोळे लाल, पण आवाज खणखणीत.

"जाते, आई. पण फ्रिजमध्ये आणखी एक भांडं आहे. मी रस्त्यावर उभी राहते, माझी नजर नको. महाराजांनी मंत्र म्हणावा, फक्त भांडं फ्रिजमध्येच राहू द्या. मंत्र काय, दाराआड पोचेलच."

"अग्नीशिवाय..." महाराज चाचरले.

"म्हणा की, महाराज!" गल्लीला आणखी एक चमत्कार हवाच होता.

महाराजांनी बंद फ्रिजपुढे मंत्र म्हटला. सासूबाईंनी भांडं काढून घुसळलं, घुसळलं. फेस!

सून आत आली. तेच भांडं तिनं कोमट पाण्यात ठेवलं, साय ढवळली, आणि जरा वेळानं टक लावून बघत रवी फिरवली. गोळा वर आला.

"आई, थंडीत तुम्ही सायीत कोमट पाणी घालता ना?"

"घालते की. पण आत्ता उन्हाळा आहे!"

"फ्रिजमध्ये कुठला उन्हाळा?"

सासूबाईंनी फ्रिजकडे पाहिलं. तोही लग्नाच्याच आठवड्यात आला होता. त्याला रोज कौतुकानं पुसायचं आणि संशय मात्र पोरीवर घ्यायचा! त्यांना स्वतःचीच लाज वाटली. निघू पाहणाऱ्या महाराजांच्या हातातून त्यांनी डबा काढून घेतला.

"सूनबाईंना सिद्धी आहे हो!" शेजारीण पाया पडायला वाकली.

"सिद्धी कसली? कोमट पाणी आहे ते!" सासूबाई कडाडल्या. "घरी जाऊन स्वतः करून बघा. मी भांड्याला हात लावून विचार केला नाही, सरळ पोरीला बॅग भरायला लावली. तुम्ही तरी आधी भांडं चाचपून बघत जा."

आणि बॅग उचलून त्यांनी स्वतः आत नेली.