आवाजासकट

"मम्मी, त्या माणसाने मला काही केलं असतं, तरी तू त्याची केस घेतली असतीस?"

चैतालीने एका दमात विचारून टाकलं. शाळेच्या सायकल स्टँडवर वेदिकाने सगळ्या मैत्रिणींसमोर पैज लावली होती, हिंमत असेल तर विचार घरी. आणि हिंमतीत चैताली हल्ली कुणाला हार जात नसे. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून, बाईंनी भर वर्गात "हिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो" म्हटल्यापासून, ती हात वर न करताच बोलायला लागली होती.

मम्मी मोरीत पाटावर बसली होती. केसांतून, मानेवरून, वकिलाच्या गळ्यातल्या पांढऱ्या बँडवरून काळं वंगण ओघळत होतं. कोर्टाबाहेरच्या रस्त्यावर तिघांनी तिला गाठलं होतं. एकाने मान दाबून धरली, दुसऱ्याने डबा डोक्यावर उपडा केला. डब्याची कड लागून भुवई फुटली होती. पप्पा खोबरेल तेलात कापूस बुडवून पुसत होते, आणि एकेक बोळा काळा-लाल होऊन बादलीत पडत होता.

"हे आत्ताच विचारायचं होतं?" पप्पा म्हणाले.

"विचारू दे, सुनील." मम्मीने डोळे मिटलेलेच ठेवले. "तुला काही झालं असतं तर मी त्याला हातानेच मारलं असतं. ती केस मला कुणी दिलीच नसती. दुसरं कुणीतरी त्याच्या बाजूने उभं राहिलं असतं, आणि त्या वकिलाला मी रोज शिव्या घातल्या असत्या."

"मग?"

"मग काय. तरी कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं."

मैत्रिणींना सांगण्यासारखं हे उत्तर नव्हतं.

माणसाचं नाव सावळीराम. पेठजवळच्या पाड्यावरचा, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत माल चढवण्या-उतरवण्याचं काम करणारा. महिन्यापूर्वी दिवेलागणीला तिथल्या एका कंपनीच्या भिंतीमागे पॅकिंगमधल्या एका ताईवर अत्याचार झाला होता. आरडाओरडा झाला, लोक धावले, आणि रस्त्यावर जो पळताना दिसला त्याला त्यांनी धरलं. पेठची एसटी सुटेल म्हणून पळत होतो, असं सावळीरामचं म्हणणं. ते तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. पुढे दोन वकिलांनी त्याचं वकीलपत्र नाकारलं. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारने नेमलेल्या वकिलांत मम्मी होती. तिने नाकारलं नाही.

त्याला मारलं तेव्हा चैताली तिथेच होती. क्लासहून येताना गर्दी दिसली म्हणून ती सायकल टाकून दुभाजकावर चढली होती. कुणी हेल्मेटने मारत होतं, कुणी पट्ट्याच्या बक्कलने. भिजलं पोतं आपटावं तसा आवाज येत होता. एकाने पालथ्या माणसाच्या बोटांवर बुटाची टाच ठेवून गोल फिरवली. चैतालीच्या अंगात शिरशिरी आली होती. भीतीची नाही. आपण सगळे मिळून काहीतरी बरोबर करतोय, अशी.

दारात चप्पल वाजली. सावळीरामची बायको, भागीबाई, पिशवी छातीशी धरून उभी होती. तुरुंगात नवऱ्याला भेटून ती थेट इकडेच आली होती. मम्मीकडे बघून ती उंबऱ्यातच खाली बसली.

"बाई, तुमालाबी मारलं?"

"धुतलं की निघेल. कसा आहे तो?"

"डाव्या कानानं ऐकू येत नाय. बोटं वाकडी झाली ती झालीच." भागीबाईने पदराने नाक पुसलं. "मारनारं कोन व्हतं, ध्यानात हाय का, म्हनून इचारलं. तर म्हनतो, मानसं नाय आठवत. एका पोरीचा आवाज लय आठवतो. त्या कानानं शेवटचा तोच ऐकला."

चैतालीचा हात दाराच्या चौकटीवरच राहिला.

"त्याला मारतानाचा तो व्हिडिओ कुणी काढला ते कळलं तर," मम्मी म्हणाली, अर्धं भागीबाईला, अर्धं पप्पांना. "पोलिसांनी नऊ दिवसांनी ओळख परेड घेतली. त्या ताईने बारा जणांतून सावळीरामकडे बोट दाखवलं. पण तोवर त्याचा चेहरा अख्ख्या सातपूरच्या फोनवर फिरला होता. परेडआधी चेहरा दिसता कामा नये, म्हणून तर पोलीस आरोपीचं तोंड झाकतात. आता सरकारी वकील म्हणतात, व्हिडिओ परेडनंतर फिरला. जो फिरतोय त्याच्यावर गाणं चिकटवलंय, तारीख नाही, वेळ नाही. मूळ कुणाकडे आहे, देव जाणे."

"त्यानेच केलं असेल तर?" चैतालीने विचारलं.

"असेलही. त्या ताईचं खोटं आहे असं मी कधीच म्हटलं नाही. पण तिने भिंतीमागचा माणूस ओळखला की व्हिडिओतला, ते मला विचारावं लागणार."

चैताली आतल्या खोलीत गेली. फोनवर वेदिकाचे तीन मेसेज होते. 'विचारलंस का?' 'काय म्हणाली?' 'घाबरलीस ना.' तिने ते बाजूला सारले आणि मूळ व्हिडिओ लावून फोन कानाशी धरला.

शिव्या. पट्टा. पोत्यासारखा तो आवाज. आणि त्या सगळ्यावरून, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा: "तोंड वर करा ना त्याचं, दिसत नाहीये!"

मग राकेशदादाने, वेदिकाच्या भावाने, हसत हसत केस धरून ते तोंड कॅमेऱ्यासमोर आणलं होतं. एक डोळा बंद होता. उघडा होता तो सरळ तिच्याकडे बघत होता. तासाभरात तिने गाणं लावून ते ग्रुपवर टाकलं होतं. 'एक नंबर' म्हणून सगळ्यांनी अंगठे दिले होते.

ती बाहेर आली तेव्हा पप्पा मम्मीच्या भुवईवर पट्टी चिकटवत होते.

"मूळ व्हिडिओ माझ्याकडे आहे. मीच काढलाय. तारीख आहे, वेळ आहे. त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकला, तेही फोनवर आहे."

पट्टीचा कागद पप्पांच्या बोटाला चिकटून राहिला. मम्मीने पहिल्यांदाच डोळे उघडले.

"मारणारे कोण दिसतात त्यात?" पप्पांनी विचारलं.

"राकेशदादा. वेदिकाचा भाऊ."

"तू साक्षीला उभी राहिलीस तर ही केस माझ्याकडे राहणार नाही," मम्मी म्हणाली.

"दुसरं कुणीतरी उभं राहील ना. तूच म्हणालीस."

पप्पांनी कागद सोडवला, चुरगाळून बादलीत टाकला.

"कोर्टाला तारीख-वेळच हवीय ना," ते हलकेच म्हणाले. "आवाज बंद करून देता येत असेल."

"नाही. आवाजासकट देणार आहे मी. आणि तिथे येऊन सांगणार आहे, तो आवाज माझा आहे."

हे ती इतकं हळू बोलली की उंबऱ्यावरून भागीबाईने विचारलं, "काय म्हनली पोर?"

चैताली तिच्याकडे वळली, समोर फरशीवर बसली, आणि आई-वडिलांना सांगितलेलं तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.