माझा आखूड पाय

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. मित्रांनो, खुर्चीला पाठ असते, हात असतात आणि पाहुणे आल्यावर मानही असतो. माझ्याजवळ बसायला एक चौकोनी फळी आणि खाली चार पाय, एवढाच काय तो संसार. त्यातलाही एक पाय थोडा आखूड आहे. या आखूड पायामुळे मी जगभर डुगडुगे म्हणून गाजले आणि याच पायामुळे एका आईच्या जिवाला घोर लागला. तुम्ही उभ्याउभ्या ऐकणार असाल तरी चालेल, पण ऐका.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. कुणाचे तरी मोठे कपाट करून काही फळ्या उरल्या होत्या, त्यांतून त्याने मला घडवले. कपाट कुणाच्या घरी गेले कोण जाणे. मला मात्र एका बाईंनी विकत घेतले आणि काखोटीला मारून जिना चढवून वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत नेले. त्या एका इस्पितळाच्या धुलाईघरात काम करत. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, असे डोंगरभर कपडे त्यांच्या हातून रोज पांढरे होऊन निघत. त्यांच्या हातांना कायम साबणाचा वास यायचा. घरात दुसरे माणूस एकच, त्यांची लहानगी मुलगी चिंगी. चिंगीचे वडील ती पाळण्यात असतानाच गेले होते.

दुपारी शाळेतून चिंगी घरी आली की थोड्याच वेळात आई कामावर निघायची आणि दिवेलागणीला परतायची. तोवर चिंगी एकटी. गळ्यात दोरीला बांधलेली किल्ली, खायला डबा, आणि शेजारच्या काकूंना भिंतीवर थाप मारून हाक मारायची मुभा. खिडकीतून रस्त्याचा कोपरा दिसायचा. आई तिथूनच वळून यायची. पण खिडकी उंच आणि चिंगी बुटकी, म्हणून माझी नेमणूक खिडकीखाली झाली.

आता त्या खोलीची एक खोड सांगते. खिडकीखालची एक फरशी शेजारच्या फरश्यांपेक्षा वर आलेली होती. माझा एक पाय तिच्यावर आला की मी डुगडुगायचे. पहिल्याच आठवड्यात चिंगी माझ्यावरून पडली आणि तिची हनुवटी फुटली. टाके घालावे लागले. आईने घरमालकाला फरशी नीट करायला सांगितले, तर तो म्हणाला, फरशी सरळच आहे, तुमचे स्टूल वाकडे आहे. नाचता येईना, अंगण वाकडे म्हणतात ना, इथे अंगण खरेच वाकडे होते.

आई त्याच्याशी भांडत बसली नाही. तिने सुताराकडून करवत मागून आणली, मला उताणे केले, मापाला एक काडी धरली आणि माझा एक पाय स्वतःच्या हाताने कापला. सवय नसल्याने करवत वेडीवाकडी गेली. त्या खुणा अजून माझ्या पायावर आहेत. त्या दिवशी मला तिचा खूप राग आला होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे माणसांना सांगतात, मला तर फरशी पाहून पाय कापून घ्यावा लागला. पण तिने मला उचलून खिडकीखाली ठेवले, आखूड पाय त्या उंच फरशीवर टेकवला, आणि मी जे घट्ट उभे राहिले ते भिंतीसारखे. आईने माझ्यावर चढून, इकडेतिकडे जोर देऊन पाहिले. मग चिंगीला बजावले की स्टूल अजिबात हलवायचे नाही.

चिंगीने एकदोनदा हलवले, ओरडा खाल्ला, आणि पुढे हलवायचे सोडून दिले. ओरडा तिच्या लक्षात राहिला. त्याचे कारण मात्र ती विसरली. लहान मुलांचे असेच असते.

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षे होती. आधी चिंगी माझ्यावर टाचा उंच करून उभी राहायची. मग नुसती उभी. मग गुडघे टेकून. काचेवर तोंडाची वाफ सोडून ती बोटाने चित्रे काढायची, मांजर, सायकल, आईची पिशवी. वाफ विरली की पुन्हा नवे चित्र. आई कोपऱ्यावर दिसली की माझ्यावरून उडी मारून दाराकडे धावायची. ती उडी मारताना मला मागे ढकलायची, तरी मी जागचे हलायचे नाही. याचा मला आजही अभिमान आहे.

पुढे चिंगी एवढी वाढली की खिडकीशी उभे राहायला तिला माझी गरजच उरली नाही. गरज सरो, वैद्य मरो. माझ्यावर पाण्याचा हंडा आला, नंतर इस्त्रीचे कपडे, नंतर जुन्या वर्तमानपत्रांची चळत. चिंगी चित्रकला शिकायला दुसऱ्या शहरात गेली. मग आमची ती इमारतच पाडायची ठरली. आई आपल्या भावाकडे राहायला गेली, आणि चिंगीने भाड्याच्या खोलीसाठी सामान नेले त्यात मलाही घेतले. तिथली फरशी अगदी सपाट होती. पाय कापल्यापासून मी पहिल्यांदाच तिथे डुगडुगले. चिंगीने माझ्या पायाखाली पुठ्ठा दुमडून ठेवला आणि स्वतःशीच म्हणाली की हे स्टूल पहिल्यापासूनच असे. मला तोंड असते तर तिथल्या तिथे सांगितले असते. पण आम्हा वस्तूंचे तोंड दाबलेलेच असते.

काही वर्षांनी चिंगी हाताने चित्रे काढून हलती गोष्ट करणाऱ्या एका स्टुडिओत लागली, आणि पुढे तिथे दिग्दर्शिका झाली. सगळे तिला ताई म्हणू लागले. मुले आवडीने बघतात त्या जपानी अ‍ॅनिमे चित्रमालिकांसारखीच एक मालिका तिने करायला घेतली. एकटी घरी राहणारी एक मुलगी हळूहळू मोठी होते, एवढीच त्यातली गोष्ट. राक्षस नाहीत, तलवारी नाहीत. ताईचे म्हणणे असे की मूल मोठे होते ते घरातल्या वस्तूंवरून कळते. म्हणून तिने घरून वस्तू आणून एका टेबलावर मांडल्या. दोरीची किल्ली, जी आधी गळ्यात असते आणि मग खिशात जाते. झाकण घट्ट बसणारा डबा, जो पहिल्या भागात मुलीला उघडत नाही आणि नंतर एका हाताने उघडतो. टाच बाहेर येऊ लागलेल्या चपला. आणि मी. पण मला टेबलावर जागा पुरेना, म्हणून मी खाली.

घरांच्या आतली चित्रे रंगवणारे एक वयस्कर चित्रकार तिथे होते. भिंती रंगवण्यात त्यांचा हातखंडा, म्हणून सगळे त्यांना भिंतवाले काका म्हणायचे. त्यांनी मला चहूबाजूंनी काढले. माझ्या अंगावरचा एकेक ओरखडा त्यांनी कागदावर आणला. बोटाने मला हलवून ते डुगडुगणे बघत बसायचे. मग ताईने नियमच केला की मुलीला एकटे वाटले की स्टूल डुगडुगणार. आवाजवाल्यांनी माझी टकटक ध्वनिमुद्रित केली. मालिका लागली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. मुलांनी आपापल्या घरातल्या स्टुलांची चित्रे काढून पाठवली. काही विद्वानांनी माझ्यावर लेख लिहिले. कुणाला माझ्यात एकटेपणा दिसला, कुणाला मोडलेले बालपण. माझ्या पायाखालच्या पुठ्ठ्याचाही कुणीतरी अर्थ लावला. मी आतून सुखावले होते, खोटे कशाला बोलू? पण मनात टोचतही होते. ज्या घरात मी वर्षानुवर्षे घट्ट उभे होते, त्या घरात आता सगळे जग मला डुगडुगताना बघत होते.

शेवटचा भाग तेवढा राहिला होता. मुलगी घर सोडून जाते तो. त्याचा शेवट ताईला काही केल्या सुचत नव्हता. तशातच तिची एक मुलाखत झाली, आणि त्यात ती म्हणाली की ते स्टूल म्हणजे माझी आई घरात नसणे.

ही मुलाखत भावाच्या घरी बसून आईने ऐकली.

दोन दिवसांनी आई न कळवता स्टुडिओत आली. केस सगळे पांढरे झालेले, हातात पिशवी. ताई धावत पुढे आली, खुर्ची मागवू लागली, पण आई सरळ माझ्याकडे आली आणि माझ्यावर बसली. पुठ्ठा सरकलेला होता. मी डुगडुगले. तेव्हा मला जेवढी लाज वाटली तेवढी कधीच वाटली नव्हती.

"हे कधीपासून डुगडुगायला लागलं?" आईने विचारले.

ताई हसली. म्हणाली, "अगं आई, पहिल्यापासूनच. त्यावर तर सगळी मालिका उभी आहे."

"त्या पहिल्या आठवड्यानंतर आपल्या घरात हे एकदाही डुगडुगलं नाही, चिंगे."

भिंतवाल्या काकांचा ब्रश हवेतच थांबला. आईने उठून मला उताणे केले. करवतीच्या वेड्यावाकड्या खुणांवरून तिने अंगठा फिरवला आणि सगळे सांगितले, फरशीचे, घरमालकाचे, मागून आणलेल्या करवतीचे. ताईचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीवर गेला. तिथे टाक्यांची पुसट रेघ आहे. स्टूल हलवल्यावर बसलेला ओरडा तिला आठवत होता, पण आई उगाच कडक होती असे ती इतकी वर्षे धरून चालली होती.

"मी घरात नव्हते, हे खरं आहे," आई म्हणाली. "नाही म्हणून कसं चालेल? पण कोपऱ्यावर आले की मी आधी खिडकी बघायचे. तुझं डोकं दिसायचं. हलत नाहीये, नीट उभी आहे, एवढं बघितलं की पुढची वाट चालायला बळ यायचं. तुला त्या स्टुलावर एवढं एकटं वाटायचं का गं?"

आईने मला सरळ केले आणि ती पुन्हा माझ्यावर बसली. ताई तिथेच जमिनीवर बसली आणि आईच्या मांडीवर डोके ठेवून रडली. एवढी मोठी दिग्दर्शिका, पण त्या क्षणी ती माझ्या ओळखीची चिंगी होती. मग म्हणाली, "वाटायचं. पण तू कोपऱ्यावर दिसलीस की विसरायचे." आईने मान डोलावली. खोटे उत्तर तिला नकोच होते.

भिंतवाल्या काकांना मात्र झालेल्या भागांची काळजी लागली. त्यांनी हळूच विषय काढला की सगळ्या भागांत स्टूल डुगडुगून झाले आहे, लोकांनी पाहिले आहे, आता करायचे काय? वाटल्यास शेवटच्या भागात कुणाला कळणार नाही असे सावरून घेऊ.

ताईने डोळे पुसले. म्हणाली, "सावरायचं नाही, काका. मला आत्ता कळलं. गोष्टीतल्या मुलीलाही शेवटीच कळू दे."

असा तो शेवटचा भाग झाला. त्यातली मुलगी नव्या गावी, नव्या खोलीत मला घेऊन जाते. मला सपाट फरशीवर ठेवते आणि तिला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. ती मला उताणे करते, करवतीच्या खुणा बघते आणि नुसती बसून राहते. तिला मग आपले जुने घर नव्याने आठवते. आणि तिथे येते ते चित्र, जे कुणी काढलेलेच नव्हते. आतापर्यंत खिडकीची सगळी चित्रे आतून रस्त्याकडे बघणारी होती. हे चित्र रस्त्याच्या कोपऱ्यावरून खिडकीकडे बघणारे आहे.

ते काढताना भिंतवाले काका आईला शेजारी घेऊन बसले होते. पडद्याचा रंग, शेजारच्या खिडकीतले वाळत घातलेले कपडे, दिवा लागला की काचेवर पडणारी चमक, सगळे आई सांगत गेली. चित्र पूर्ण झाल्यावर ताईने ते माझ्या समोरच्या भिंतीवर लावले. मित्रांनो, मी त्या खिडकीखाली वर्षानुवर्षे उभे होते, पण ती बाहेरून कशी दिसते हे मला ठाऊक नव्हते. एवढीशी खिडकी, तिच्यात एक इवलेसे डोके, अगदी स्थिर. मी त्या चित्रात कुठेच दिसत नाही. सगळ्या मालिकेत माझे सर्वांत चांगले चित्र तेच आहे.

आता थोडे आजचे सांगते. मालिका संपल्यावर भिंतवाले काका लाकडाची एक पातळ पट्टी घेऊन आले. मला वाटले, आता माझ्या पायाला ठिगळ लागणार. पण त्यांनी ती पट्टी स्टुडिओतल्या ताईच्या खिडकीखाली जमिनीला चिकटवली आणि माझा आखूड पाय तिच्यावर टेकवला. मी पुन्हा घट्ट उभे राहिले. माझ्यासाठी जमीन बदलणारे ते पहिलेच गृहस्थ. त्यांचे, ताईचे आणि त्या साबणाच्या वासाच्या हातांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

तुमच्याही घरात एखादी डुगडुगती, वाकडी, निकामी वाटणारी वस्तू असेल. तिला फेकण्याआधी एकदा उताणी करून बघा. कुणीतरी तुमच्यासाठीच तिला तशी केली असेल, आणि ते माणूस अजून सांगू शकत असेल तर जाऊन विचारा. वस्तूला तोंड नसते, माणसाला असते, पण तेही कायम राहत नाही.

आई आता महिन्यातून एकदा स्टुडिओत येते, माझ्यावर बसते आणि मुलीचे काम बघते. परवा सफाई करताना कुणीतरी मला थोडे बाजूला सरकवले. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ताई ओरडली, "ते स्टूल अजिबात हलवायचं नाही." आवाज थेट आईचाच होता.