पदराची गाठ

रूपाबाईला काळजी करायला निमित्त लागत नसे. नवऱ्याला, धर्मसिंगला, हिंगोलीहून यायला तासभर उशीर झाला की तिच्या डोक्यात जीप पलटी झालेली असायची, आणि प्रत्यक्षात तो कनेरगाव नाक्यावर निवांत चहा पीत बसलेला असायचा. रविवारच्या प्रार्थनेत प्रभू येशूला सांगायचं विसरू नये म्हणून ती अशा प्रत्येक काळजीची पदराला गाठ मारी. लोक काळजी विसरायला धडपडतात, ही बांधून ठेवायची. प्रार्थना चालवणारे पाळक प्रेमानंद चेष्टेनं म्हणायचे, "ताई, प्रभूला सांगून झालं ना? मग आता सोडा की गाठ." ती "सोडते" म्हणायची आणि तशीच तांड्यातल्या आपल्या घरी जायची.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात मात्र खरीच गाठ निघाली. अंघोळ करताना डाव्या स्तनात हरभऱ्याएवढं काहीतरी टणक हाताला लागलं. हिंगोली जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, पण असल्या तपासणीला नांदेडलाच जावं लागे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुई टोचून नमुना घेतला आणि पुढच्या सोमवारी यायला सांगितलं. मधले आठ दिवस कसे काढायचे, ते काही त्यांनी कागदावर लिहून दिलं नाही.

परतीच्या एसटीतच तिनं पदराला गाठ मारली, चांगली आवळून.

त्या आठ दिवसांत घरात एक भाकरी धड भाजली गेली नाही. चुलीपुढे बसलं की हात आपसूक छातीकडे जायचा, वाढली का बघायला, आणि तिथून पदराकडे. बारावीतली दिपा अभ्यासाला बसली की हिच्या लग्नात आपण असू का, हाच विचार. धर्मसिंग म्हणायचा, "काही नसंल." ती फणकारायची, "तुमाला काय डॉक्टरनं सांगून ठिवलं का?" तो रुमाल खांद्यावर टाकून बाहेर जायचा.

सगळ्यात जास्त लाज तिला प्रार्थनेची वाटायची. ओठांवर येशूचं नाव आणि मन नांदेडला. येशूकडे वळल्यापासून सहा वर्षं आपण भरवसा, भरवसा म्हणत आलो आणि वेळ आली तर असं लटपटतो, हा कसला विश्वास? या विचारानं ती आणखीच लटपटायची.

रविवारी मिराबाईंच्या ओसरीवर प्रार्थना होती. "कोणाची काही विनंती?" प्रेमानंदांनी विचारलं. चार पुरुषांत छातीचं नाव कसं काढायचं? रूपाबाई खाली बघत म्हणाली, "माझ्या गाठीसाठी प्रार्थना करा."

सगळ्यांनी डोळे मिटले. मिराबाई मात्र पंचाहत्तरीच्या, सरळ मनाच्या. रूपाबाईच्या पदराची गाठ त्या सहा वर्षं बघत आल्या होत्या, त्यांना दुसरी गाठ सुचलीच नाही. त्या सरकत जवळ आल्या, पदर ओढून घेतला, नखांनी जमेना म्हणून दात लावले.

रूपाबाईनं डोळे उघडले. "काकी, काय करून राहिल्या?"

"तूच म्हणलीस ना गाठीसाठी? सोडून देते." गाठ सुटली. म्हातारीनं पदराचं टोक उलटंपालटं करून पाहिलं. "आत तर काहीच न्हाई गं. काहून एवढी आवळलीस?"

रूपाबाईला आधी रागच आला. मग आठ दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली. प्रेमानंद थांबले. तिनं तशाच रडत्या आवाजात स्वतःच प्रार्थना केली, "प्रभू, छातीतली तुझ्या हाती. पदरातली मी पुन्हा मारणार न्हाई. मारायला लागले तर माझा हात धर."

भीती पळून गेली असं काही झालं नाही, खोटं कशाला सांगा. घरी जाताना दोनदा बोटं पदराकडे गेली. दोन्ही वेळा "तुझ्या हाती" म्हणून तिनं टोक सोडून दिलं. संध्याकाळच्या भाकरी मात्र करपल्या नाहीत.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढला. "गाठ कॅन्सरची आहे. पण लवकर आलात. ऑपरेशन करू, औषधं देऊ."

 रूपाबाईचा हात पदराकडे गेलाच. टोक मोकळं होतं, ते तिनं तसंच मुठीत धरलं. "तुझ्या हाती," ती पुटपुटली.

डॉक्टरीणबाई ऑपरेशनची तारीख लिहू लागल्या. तिनं वळून धर्मसिंगकडे पाहिलं. आठ दिवस "काही नसंल" म्हणणारा तिचा नवरा खांद्यावरचा रुमाल मांडीवर घेऊन त्याच्या टोकाला गाठ मारत होता. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. इतके दिवस हाही आतून आपल्याइतकाच घाबरलेला होता, ते तिला आत्ता कळलं.

तिनं रुमाल त्याच्या हातातून काढून घेतला.

"अवं, आत काहीच न्हाई," ती म्हणाली, आणि वाकून दातांनी त्याची गाठ सोडवू लागली.